सासूबाईंची साडेचार किलोची पिशवी

माझं शिवणकामाचं दुकान पुण्यात नारायण पेठेत आहे, १९ वर्षं झाली. ब्लाउज हे मुख्य काम. पण अलीकडे एप्रिल लागला की एक वेगळंच गिऱ्हाईक येतं. हातात कापडाची पिशवी, चेहऱ्यावर घाई. "व्हिएतनामला चाललोय, पंधरा दिवसांत हवंय." कधी बाली, कधी थायलंड, कधी श्रीलंका. आणि माप देता देता हमखास प्रश्न येतो, "तू जाऊन आलीस ना तिकडे? काय काय घेऊ गं?"

गेल्या मे महिन्यात मी कंबोडियाला जाऊन आले, सहा दिवस. तेव्हापासून तोंडात टाचण्या धरून प्रत्येकीला तेच तेच सांगतेय. एकदा लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

आधी एक कबुली. कपडे हा माझा धंदा, आणि त्या सहा दिवसांत कपड्यांवरून सगळ्यात जास्त फजिती माझीच झाली.

आम्ही चौघं होतो. नवरा, दहावीत जाणारी लेक, मी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. नवऱ्याला देवळांचं वेड. वेरूळ झालं, हंपी झालं, आता कंबोडियातलं 'अंगकोर वाट' हे देऊळ बघायचंच असं त्याने दोन वर्षं लावून धरलं होतं. सुट्ट्या मेमध्येच, त्यामुळे निवडायला दुसरा महिना नव्हता. ओळखीतल्या एकाने "मेमध्ये तिकडे फार गरम असतं हं" असं सांगितलं, त्यावर मी जे हसले ते आठवून आता लाज वाटते. मी कसब्यात जन्मले. एप्रिलमध्ये ३९ डिग्रीत दुपारी दोन वाजता लक्ष्मी रोडवर चालत अस्तर आणायला जाते. मला कोण गरम सांगतंय!

लेक म्हणाली, "आई, तसं बघितलं तर पुणंसुद्धा उष्णकटिबंधातच येतं. कर्कवृत्त आपल्या कितीतरी वर आहे." भूगोलाच्या पुस्तकाचा पाठिंबा मिळाल्यावर तर विषयच संपला.

मी चार कुर्ते खास शिवले. चांगलं अंगाचं, घट्ट विणीचं पांढरं सुती कापड. पांढऱ्यातून आतलं दिसतं म्हणून पूर्ण अस्तर. गळ्याला कॅनव्हास घालून पट्टी, कमरेत टक्स, मुंडा, म्हणजे बाही जोडतात ती खोबण, अगदी बसवून कापलेला. दगडी देवळांपुढे फोटोत उठून दिसावं हा सरळ हेतू. खाली घालायला दोन जीन्स. लेकीने पुण्यातल्या स्कूटीवरच्या मुलींचा अख्खा सरंजाम घेतला: सनकोट, हातमोजे आणि डोळे सोडून सगळं डोकं गुंडाळणारा तो मोठा स्कार्फ. नवऱ्याच्या बॅगेत तीन किलो खाऊ, कोल्हापुरी चपला आणि खेळाडू घालतात तसले चकचकीत टी-शर्ट.

निघायच्या आदल्या रात्री रद्दीवाल्याकडे असतो तसला ताणकाटा दाराला अडकवून आम्ही बॅगा मोजल्या. माझी १६ किलो. लेकीची १४. नवऱ्याची १३. सासूबाईंची एक कापडी पिशवी, साडेचार किलो.

"आई, एवढंच?"

"आणखी काय लागतं गो? उकाड्यातच चाललोय ना?"

सासूबाई कोकणातल्या गुहागरच्या. जन्म तिथला, सासर तिथलं, आताही वर्षातले आठ महिने तिथेच. पिशवीत काय होतं ते मी परत आल्यावर नीट लिहून काढलं, कारण आता माझी यादी म्हणजे तीच आहे. धुऊन धुऊन सायीसारख्या मऊ झालेल्या तीन सुती साड्या. बिनअस्तराचे सैल ब्लाउज. दोन पंचे. खोबरेलाची छोटी बाटली, आमसुलांची डबी, प्रेशरच्या गोळ्या, एक छत्री, मागे पट्टा असलेल्या रबरी तळाच्या सँडल, आणि ताडाच्या पानाचा हातपंखा. पंखा बघून लेक म्हणाली, "आजी, विमानात एसी असतो." आजी म्हणाली, "विमानातच राहणार आहेस का?"

मुंबईहून बँकॉक, तिथून अंगकोर वाटजवळचं गाव सिएम रीप. तिथला नवीन विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाला, गावापासून साधारण ५० किलोमीटरवर आहे. आतून एसी, छान गार. काचेचा दरवाजा सरकला आणि मोदकपात्राचं झाकण काढल्यावर येते तशी वाफ अंगावर आली. माझ्या चष्म्याच्या दोन्ही काचा एका क्षणात पांढऱ्या झाल्या. संध्याकाळचे सहा वाजले होते, ऊन नावालाही नव्हतं. मोबाइलवर तापमान बघितलं तर ३३. पुण्यात ३३ ला आम्ही "आज बरं आहे" म्हणतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला निघालो. अंगकोर वाट सूर्योदयासाठी पाचला उघडतं. ते देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य शिखरांच्या मागून वर येतो आणि पुढच्या तळ्यात सगळं उलटं दिसतं. फोटो छान आले. फोटोंमधली मी सोडून. साडेसातला माझं अस्तर पाठीला चिकटलं होतं, अस्तराला वरचं कापड चिकटलं होतं आणि गळ्याची कॅनव्हासची पट्टी मानेला ओल्या पुठ्ठ्यासारखी घासत होती. तिथला नुसता खंदकच १९० मीटर रुंद, त्यावरचा दगडी रस्ता, तो संपला की आत पुन्हा तेवढ्याहून लांब फरसबंद वाट, आणि कुठेही सावली नाही. लेकीचा स्कार्फ पहिल्या पुलावर सुटला, हातमोजे दुसऱ्या वळणावर, सनकोट नवऱ्याच्या खांद्यावर. सासूबाई हळूहळू छत्री धरून चालत होत्या. मधूनच पंच्याने मान पुसायच्या, पंखा हलवायच्या. घाम त्यांनाही येत होता. फक्त त्या त्याच्याशी भांडत नव्हत्या.

संध्याकाळी हॉटेलच्या बाल्कनीत मी कुर्ता धुऊन वाळत टाकला. पुण्यात मेमध्ये रात्री टाकलेला कुर्ता पहाटे कडक वाळतो. सकाळी हात लावला तर जसाच्या तसा ओला. दुसऱ्या रात्रीही ओला, आणि आता वासही यायला लागला, पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांना येतो तो कुबट वास. मी रडकुंडीला आले होते. सासूबाई शेजारी खुर्चीत पंखा घेऊन बसल्या होत्या.

म्हणाल्या, "आमच्याकडे मेमध्ये माठ नावालाच असतो. पाणी निवतच नाही. तुमच्या पुण्यात माठातलं पाणी दातांना लागतं. तुम्हा लोकांना ऊन ठाऊक, घाम नाही ठाऊक."

मला एकदम उलगडलं. माठ पाझरतो, बाहेरचं पाणी हवेत उडून जातं, जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं गार होतं. हवा कोरडी असली की हे झपाट्याने होतं. हवेतच पाणी भरलेलं असेल तर उडून जाणार कुठे? म्हणून पुण्यात, नागपुरात गवताच्या ताट्यांचे कूलर चालतात आणि मुंबईत, कोकणात त्यांचा काही उपयोग होत नाही. आपलं अंग म्हणजे असाच एक माठ. घाम येऊन गारवा मिळत नाही, घाम उडून गेला तर मिळतो. पुण्यात तो कधी उडतो ते आपल्याला कळतसुद्धा नाही. तिकडे तो अंगावरच राहतो, रात्रीसुद्धा, कारण रात्रीही पारा २५-२६ च्या खाली येत नाही.

मी आयुष्यभर उन्हासाठी कपडे शिवले होते. तिकडे कपडे हवे होते ओलीसाठी.

आता कापडाचं बोलते, कारण इथे मला थोडंफार कळतं. सगळे सांगतात "कॉटन घ्या", आणि तिथेच थांबतात. कापसाचा धागा नुसत्या हवेतूनच स्वतःच्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास पाणी धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणजे सुती कापड घाम पितं हे खरं, पण जाड असेल तर पिऊनच बसतं. माझे कुर्ते जाड, वर अस्तर, म्हणजे दुप्पट जाड. मलमल किंवा व्हॉइल घ्या. महीन सूत, सैल वीण, डोळ्यासमोर धरलं तर खिडकी दिसली पाहिजे असं कापड. ते भिजतं पण तासाभरात सुकतं. लिनन परवडत असेल तर उत्तम, चुरगळू द्या, तिकडे सगळेच चुरगळलेले असतात. रेयॉन अंगाला गार लागतं म्हणून दुकानदार गळ्यात मारतात. ते ओलं झालं की जड होऊन लोंबतं आणि ओलं असताना त्याचा धागाही कमजोर पडतो, पिळायला गेलात तर शिवण उसवते. जीन्सबद्दल मी बोलणारच नाही. माझी एक जीन्स पुण्यात येऊन वाळली.

नवऱ्याचे ते खेळाडूंचे टी-शर्ट मात्र दोन तासांत सुकायचे, हे मान्य करावं लागेल. पण पॉलिएस्टरला वास धरतो तो असा की तिसऱ्या दिवशी आम्ही टुकटुकमध्ये त्याला वाऱ्याच्या दिशेला बसवलं.

मलमल पारदर्शक असते ही तक्रार मला रोज ऐकायला मिळते. उपाय अस्तर नव्हे. छापील कापड घ्या. बारीक बुट्ट्यांच्या छापात आतलं दिसत नाही आणि घामाचे डागही दिसत नाहीत. रंगात राखाडी आणि फिकट आकाशी अजिबात नको, त्यावर काखेतली ओल लांबून दिसते. पांढऱ्यावर किंवा गडद निळ्यावर दिसत नाही. गडद निळा उन्हात तापतो, तेव्हा तो संध्याकाळचा.

शिलाईबद्दल: मुंडा नेहमीपेक्षा इंचभर खोल, बाजूचे कट लांब, गळ्याला कॅनव्हास नको, कमरेला इलॅस्टिकऐवजी नाडी. इलॅस्टिकच्या पट्ट्याखाली मला दुसऱ्या दिवशी घामोळ्यांचं कडं उठलं होतं, बरोबर पट्ट्याच्या रुंदीचं. शिवणीच्या कडेला मशीनने मारतात त्या ओव्हरलॉकची जाड कड ओल्या कातडीवर कानशीसारखी घासते, म्हणून शिंप्याला शिवण आत दाबून घालायला सांगा. शिंपी कुरकुर करेल. मीसुद्धा करते, वेळ जातो त्यात. तरी सांगा.

बाही मात्र असू दे. देवळांत खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. अंगकोर वाटच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर जायला रांग असते, तिथे आमच्यापुढच्या एका मुलीने बिनबाह्यांच्या झग्यावर ओढणी गुंडाळली होती. तेवढं पुरलं नाही, तिला परत पाठवलं. कोपरापर्यंत सैल बाही आणि पोटरीपर्यंत पायजमा, एवढ्यात उन्हाचंही भागतं आणि देवाचंही.

बायकांसाठी एक गोष्ट, जी कुठल्याच यादीत नसते. दिवसभर चालून ओल्या मांड्या एकमेकींवर घासल्या की रात्री पाय जवळ घेता येत नाहीत. मी पहिल्या रात्री हे कुणाला सांगू शकत नव्हते. सासूबाईंनी माझी चाल बघून न बोलता खोबरेलाची बाटली पुढे केली. सकाळी निघायच्या आधी लावायचं, किंवा आतून गुडघ्याच्या वर येईल अशी पातळ होजिअरीची चड्डी घालायची. मी आता असल्या चड्ड्या उरलेल्या मलमलीतून शिवून देते, पैसे घेत नाही. आतले कपडे रोज दोन जोड धरून मोजा.

आता पंचा. पुण्यात बोहरी आळीत, मंडईच्या आसपास अजून मिळतो. हॉटेलच्या जाड टर्किश टॉवेलला दोन दिवस सुकायला लागतात, पंचा पंख्याखाली अर्ध्या तासात सुकतो. घाम पुसा, ओला करून मानेवर टाका, डोक्याला गुंडाळा, तापलेल्या दगडावर बसायला घाला, ओला मोबाइल पुसा. बायोन देवळाच्या मोठमोठ्या दगडी चेहऱ्यांखाली सासूबाई पंचा अंथरून बसल्या होत्या, तेव्हा समोर नारळ विकणारी बाई त्यांच्याकडे बघून हसली आणि तिने आपल्या गळ्यातलं कापड उचलून दाखवलं. चौकडीचं, सुती, अगदी तसंच पातळ. त्याला तिकडे क्रमा म्हणतात. त्याच कापडात त्या लोकांची लेकरं बांधली जातात, बाजारहाट येतो, अंघोळ होते, डोकं झाकलं जातं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण पाच मिनिटं दोघी एकमेकींचं कापड चिमटीत धरून बघत होत्या. माझ्या धंद्यात याला पोत बघणं म्हणतात. सासूबाईंनी तिच्याकडून नारळ घेतले आणि जवळच्या टपरीवरून घासाघीस करून दहा डॉलरना चार क्रमा.

डॉलरवरून आठवलं. कंबोडियात स्वतःचं रिएल चलन आहे, चार हजारांच्या आसपास रिएल म्हणजे एक डॉलर, पण सगळे व्यवहार डॉलरमध्येही सर्रास होतात. अट एकच: नोट कोरी करकरीत हवी. जरा फाटलेली, दुमडून चिरलेली नोट कुणी घेत नाही. मी हुशारीने कंबरेला बांधायचा सुती बटवा शिवला होता, पासपोर्ट आणि नोटा त्यात. दुपारी बटवा उघडला तर आतल्या नोटा घामाने लिबलिबीत. रात्री हॉटेलच्या पलंगावर नोटा पसरून पंख्याखाली वाळवल्या, वर चपला ठेवल्या उडू नयेत म्हणून. आता मी तोच बटवा आतून रेनकोटच्या कापडाचा करते. तुम्हाला शिवायचा नसेल तर दाबून बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी पुरते. अशा पिशव्या चार-पाच घ्याच: एक नोटांना, एक मोबाइलला, एक गोळ्यांना, एक ओल्या कपड्यांना. बुटांच्या खोक्यात येतात त्या दाणेदार पुड्या फेकू नका, गोळ्यांच्या पिशवीत एक टाका. गोळ्या मूळ पट्टीतच असू द्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

कोल्हापुरी चपला चौथ्या दिवशी संध्याकाळच्या एका सरीत भिजल्या आणि पाचव्या दिवशी त्यांच्यावर हिरवट बुरशी आली. चामडं तिकडे नेऊच नका, पट्टासुद्धा कापडी. बंद बुटांत पाय शिजतात, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. मागे पट्टा असलेल्या सँडल बऱ्या, कारण देवळांच्या पायऱ्या अरुंद आणि सरळ उभ्या आहेत, सपाता घालून चढणं म्हणजे पडण्याला आमंत्रण. पडक्या देवळांत चपला चालतात, पण जिथे भिक्षू राहतात, पूजा चालते, तिथे काढाव्या लागतात. दुपारची फरशी म्हणजे तवा. पातळ मोजे खिशात ठेवा.

छत्री की टोपी? छत्री. मेच्या पहिल्या आठवड्यात तिथे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. लेक शाळेतून शून्य सावलीचा प्रयोग करून आलेली, तिने बाटली उभी ठेवून दाखवलं, सावली बाटलीच्या बुडाशीच. म्हणजे एवढ्या प्रचंड भिंती असून बारा वाजता त्यांच्या कडेला सावली म्हणून सापडत नाही. टोपीत डोकं उकडतं, छत्रीत वारा लागतो. शिवाय पाऊस. सनस्क्रीन घ्या, पण घामाबरोबर वाहून जातं, दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. आम्ही एकदाच लावायचो आणि नवऱ्याचं नाक सोललं. डासांचं मलम दिवसासुद्धा लावा, डेंग्यूचा डास दिवसाच चावतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ता प्रोमला नवऱ्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. भिंतींवर झाडांची मुळं अजगरासारखी पसरलेली आहेत ते देऊळ. त्याच्या दुरुस्तीत आपल्या पुरातत्त्व खात्याचा हात आहे, तो फलक वाचतानाच हा खाली बसला. सकाळपासून तीन लिटर नुसतं पाणी प्यायला होता. घामातून मीठ गेलं आणि आत फक्त पाणी. ओआरएसची पाकिटं माझ्या बॅगेत होती आणि बॅग हॉटेलवर. सासूबाईंनी कनवटीला ठेवतात तशी पदराच्या टोकाला बांधलेली आमसुलं आणि मीठ काढलं, बाटलीत टाकून हलवलं. त्याने निभावलं, पण ते काही औषध नव्हे. पाकिटं अंगावरच ठेवा आणि एक पाकीट त्यावर लिहिलेल्या पुरत्या पाण्यातच घाला, ग्लासात अंदाजाने अर्धं नको. ज्यांना प्रेशर आहे त्यांनी मिठाचं आधी डॉक्टरांना विचारावं, आम्ही सासूबाईंसाठी विचारलं होतं. आणि कुणी तापलेल्या अंगाने बरळायला लागलं तर पाकिटं शोधत बसू नका, अंगावर पाणी ओता आणि दवाखाना गाठा.

त्यानंतर आम्ही वेळापत्रकच बदललं. पाच ते दहा बाहेर, दहा ते चार खोलीत, मग पुन्हा बाहेर. देवळं बघायचा तीन दिवसांचा पास ६२ डॉलरचा, म्हणजे माणशी पाच हजारांच्या वर, त्यामुळे नवऱ्याला दुपारी झोपताना फार त्रास व्हायचा. त्या पासवर आपला फोटो छापतात. माझा पास मी जपून ठेवलाय, पण कुणाला दाखवत नाही. रात्री पाण्याच्या दोन बाटल्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायच्या आणि सकाळी मोज्यात घालून न्यायच्या. एसीमधून बाहेर येताना कॅमेऱ्यावर दव धरतं, दहा मिनिटं थांबल्याशिवाय फोटो निघत नाही. खोलीतल्या त्याच एसीत रात्री सासूबाईंना थंडी वाजायची. एक पातळ शाल हवी, हे त्यांच्या पिशवीत नसलेलं एकच सामान.

पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळून नवऱ्याने दीडशे रुपयांचा सगळ्या देशांत चालणारा प्लग आणला होता. आपल्या मोबाइलच्या बारीक दोन पिनांच्या चार्जरला तो लागलाच नाही. तीन जाड पिनांचं काही नेणार असाल तरच घ्या.

खाऊचं सांगायचं तर तीन किलोंपैकी दोन किलो परत आला. बाकरवडी पाकीट फोडल्यावर तासाभरात वातड होते. चिवडा तर विचारूच नका. आणि गरजही पडली नाही, कारण आम्ही मासे खाणारे. केळीच्या पानात, नारळाच्या दुधात वाफवलेला मासा आला, त्याला तिकडे आमोक म्हणतात. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "हळद जरा जास्त झाली, बाकी बरं आहे." बाजारात आंबवलेल्या माशांच्या वासाने लेक नाक धरून पळाली, सासूबाई तिथेच उभ्या राहून सुकटीची जात ओळखायचा प्रयत्न करत होत्या. शाकाहारी असाल तर मेतकूट, थालीपिठाची भाजणी न्या आणि लक्षात ठेवा, तिकडे भाजीतही माशाचा रस्सा किंवा सॉस असतो, विचारून घ्यावं लागतं.

परत आल्यावर ताणकाट्यावर पुन्हा बॅगा टांगल्या. सासूबाईंची पाच किलो. चार क्रमांची भर.

मागच्या आठवड्यात त्यांचा गुहागरहून फोन आला. क्रमा अंगणात पसरून त्यावर कोकमं वाळत घातलीत म्हणाल्या, कापड फार गुणाचं आहे. मग जरा थांबून म्हणाल्या, "तुझा तो अस्तरवाला कुर्ता टाकलास का गो? नसशील टाकला तर दे पाठवून. माठाखाली घालायला बरा, ओल धरून राहतो."

पाठवलाय. चारही पाठवले.